न वितळलेली सुरुवात

११ जानेवारी

"माझे जुळत नाहीयेत," असं भिंगरी म्हणाली होती. सहा वर्षांपूर्वी, माझ्या खोलीच्या दारात उभी राहून, वही छातीशी धरून. मी मान वर न करता "धीर धर" म्हणाले होते. आज तेच वाक्य एका साठीच्या माणसाच्या तोंडून ऐकलं आणि मग दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

साठीचा माणूस म्हणजे तळघर. त्यांची प्रयोगशाळा आमच्या इमारतीच्या तळघरात आहे म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणतात, आणि तेही फोन उचलला की "तळघर बोलतंय" म्हणतात. मी तिसऱ्या मजल्यावर संगणकात गोळे बनवते, ते खाली खरे बनवतात. केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढे गोळे, प्रत्येकावर चार चिकट ठिपके. ते पाण्यात सोडायचे, हळूहळू थंड करायचे, आणि ठिपक्याला ठिपका चिकटत त्यांनी आपले आपण रांगेने बसायचं. पोकळ, जाळीदार रचना, प्रत्येकाला नेमके चार शेजारी. नऊ वर्षांपूर्वी मी संगणकात दाखवलं की ठिपक्याची रुंदी इतकी असेल आणि थंड करण्याचा वेग इतका, तर ही जाळी आपोआप तयार होते. त्या लेखावर माझी नोकरी पक्की झाली, खिडकीची खोली मिळाली. तळघर गेली दोन वर्षं त्याच मापाचे खरे गोळे बनवताहेत.

"बाई, तुमच्याकडे कवायत करतात आणि माझ्याकडे आले की खळ होते," ते म्हणाले, आणि काचेची कुपी माझ्या टेबलावर ठेवली. आत पांढरट, गिळगिळीत काहीतरी होतं. "अठ्ठावीस वेळा केलं. माझे जुळत नाहीयेत."

"ठिपके नीट बसले नसतील."

"हे तुम्ही म्हणणार, असं मी जिन्यातच स्वतःला सांगितलं होतं."

ते हसले, मीही हसले. जाताना कुपी न्यायला विसरले. विसरले असं मी म्हणते.

१३ जानेवारी

परवा भिंगरीचं लिहिलं आणि तिच्या आईचं टाळलं. नव्या वहीच्या पहिल्या पानावर गेलेल्या माणसाचं नको, असं काहीतरी डोक्यात होतं. आता तिसरं पान आहे.

भिंगरी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून भिंगरी. माझ्या हाताखाली संशोधन करायला आली तेव्हा मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, इथे मावशी नाही, इथे मॅडम. लोक म्हणतील भाचीला चिकटवली, ही भीती मला फार होती. म्हणून इतरांना एकदा समजावायचे तिथे तिला अर्ध्यांदाही समजावलं नाही. तिला काम दिलं होतं सोपं: माझीच जाळी, फक्त गोळे दहापट जास्त. तिची जाळी होईना. दोन वर्षं होईना. मला वाटलं, मुलगी हुशार आहे पण हातात निगुती नाही.

मग मी बहिणीला बोलावून सांगितलं. "तिच्यात ते नाही गं. उगाच वर्षं घालवू नकोस तिची."

बहीण म्हणाली, "तू म्हणतेस म्हणजे तसंच असेल." लहानपणापासून तिचा माझ्यावर असाच विश्वास. पंचांगावर नसेल इतका. भिंगरीने महिन्याभरात सोडलं. त्यानंतर बहिणीने पाच वर्षं मला फोन केला नाही. कुणाच्या लग्नात समोर आली तर "बरी आहेस ना", एवढंच.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका रविवारी तिचा फोन आला. "ताई, काय करतेस?" जणू कालच बोललो होतो. तेव्हा ती आजारी होती आणि दोघींनाही ते माहीत होतं. त्यानंतर एप्रिलपर्यंत दर रविवारी. अकरा रविवार मिळाले. निळा स्वेटर कुणाच्या अंगाला आधी आला, आजोबांची छत्री कुणी मोडली, असलंच सगळं. छत्री तिने मोडली होती, कबूल केलं तिने शेवटी. भिंगरीचा विषय दोघींनीही काढला नाही. तिचा राग आपोआप विरला होता. काळ जातो तसं माणसाला कळतं, असं मी तेव्हाच्या वहीत लिहिलेलं आहे.

२० जानेवारी

तळघरांना दाखवावं म्हणून संगणकावर जुनाच रन, म्हणजे थंड करण्याचा तोच प्रयोग, पुन्हा चालवला. सुरुवातीची फाइल तीच, थंड करण्याचा वेग तोच. चार दिवसांनी आज सकाळी जाळी तयार. नऊ वर्षांनीही तितकीच सुंदर. चित्र छापून खाली घेऊन गेले.

तळघरांनी ते भिंतीवर जुन्या लेखातल्या चित्राशेजारी लावलं. चहाचा कप हातात, बराच वेळ बघत बसले.

"दोन्ही डावीकडे झुकलेत."

"हो. दहाच्या दहा रनमध्ये असंच येतं. किती नेमकं आहे बघा."

"बाई, मी साधा माणूस आहे, बाटल्या धुण्यात आयुष्य गेलं. पण पाण्याला डावं-उजवं कोण सांगतं?"

मी म्हणाले, बघते. ते म्हणाले, "माझी बायको पण डावीकडेच झुकून झोपते, पण तिला भिंत आहे तिकडे." मी जिना चढताना हसत होते. दुसऱ्या मजल्यापाशी हसू थांबलं.

दहा वेळा स्वतंत्रपणे काही जुळलं, तर दहा वेळा वेगळ्या दिशेला तोंड करून जुळेल. नेमकेपणा म्हणून मी जे नऊ वर्षं मिरवलं, ते आधी कुणीतरी सांगून ठेवल्याशिवाय होत नाही.

२२ जानेवारी

सापडलं. शोधायला दोन तास लागले, आणि त्यातला एक तास मी टेबल आवरत होते.

त्या वेळी जाळीची ऊर्जा मोजायची म्हणून मी आधी ती हाताने बांधली होती, एकेक गोळा जागेवर ठेवून. नंतर द्रवापासून सुरुवात करायची होती. पुन्हा चार हजार गोळे इतस्ततः मांडायचा कंटाळा. म्हणून तीच बांधलेली जाळी तापवली. रांगा किती उरल्या त्याचा आलेख घसरला, मग सपाट झाला. वितळलं असं समजून मी फाइल जपून ठेवली आणि प्रत्येक रन तिथूनच सुरू केला. पण आलेख सरासरी दाखवतो. चार हजारांतले साठ-सत्तर गोळे एका कोपऱ्यात हात धरून तसेच बसून राहिले असतील, तर सरासरीला ते कळत नाही. थंड करायला लागलं की बाकीचे येऊन त्यांनाच चिकटणार, त्यांच्याच दिशेने.

असतील, असं लिहितेय. अजून सिद्ध नाही. आज पूर्ण वेड्यावाकड्या मांडणीपासून चार नवे रन लावले. पाच-सहा दिवस लागतील.

२८ जानेवारी

चारही खळ.

एक गोळा इकडे, दोन तिकडे, कुठेही कुणालाही चिकटलेले. कुपी खिडकीत ठेवली होती, ती उचलून पडद्यावरच्या चित्राशेजारी धरली. सारखंच दिसतं.

३० जानेवारी

खरं तेच लिहायचं म्हणून ही वही आहे, तर लिहिते. दोन दिवस मी हिशेबी विचार केला. जुना लेख फारसं कुणी आता वाचत नाही. तळघर जूनमध्ये निवृत्त होताहेत, खाली दुसरं कुणी येईल, ते दुसरे गोळे बनवतील. ठिपक्यांची रुंदी जरा बदलली तर खरोखरच जाळी होत असेलही. तसं झालं तर मी नवा लेख लिहीन आणि जुना त्यात हळूच विरघळून जाईल. कुणाचं काही बिघडणार नाही.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी उठून भांडी घासली. ती स्वच्छच होती.

३ फेब्रुवारी

भिंगरीचा जुना फोल्डर अजून आहे. तिच्या नावाचा, सहा वर्षं कुणी न उघडलेला. मी कधी उघडला नव्हता. तिच्या रनचे आकडे ती मला छापून आणून द्यायची, मी तेवढेच बघायचे.

आत नोंदींची एक साधी फाइल आहे. तारखा, आणि प्रत्येक तारखेखाली एक-दोन ओळी. बहुतेक ठिकाणी "जुळत नाही". मग एके ठिकाणी:

"सुरुवात पूर्ण वितळवून घेतली. अकरावा प्रयत्न. जुळत नाही."

आणि त्याखाली दोन आठवड्यांनी:

"मावशीची सुरुवातीची फाइल जशीच्या तशी वापरली. जुळतं. दहाही वेळा एकाच दिशेला. आत काहीतरी उरलंय का? उद्या विचारते."

नोंदीत तिने मॅडम लिहिलेलं नाही.

जुन्या वह्या कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत. खुर्चीवर चढून त्या वर्षीची काढली. "उद्या"ची तारीख काढली. त्या दिवशी मी लिहिलंय:

"आज विशेष काही नाही. भिंगरी सकाळी काहीतरी विचारायला आली होती. चालत असलेल्या फाइलला हात लावू नये, असं तिला सांगितलं. दुपारी दाढ दुखत होती, डॉक्टरांकडे जाऊन आले. गर्दी."

मला ती सकाळ आठवत नाही. किती प्रयत्न केला. दाढ आठवते.

८ फेब्रुवारी

भिंगरी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. सोडल्यावर तिने तो वर्षभराचा अभ्यास केला आणि तिथेच लागली. मला वर्षभरापासून वही लांब धरून वाचावं लागतंय, तेव्हा कारण खोटं नव्हतं. फोन करून सरळ वेळ मागितली. नाव सांगितलं तेव्हा पलीकडे कुणीतरी "एक मिनिट" म्हणालं, आणि मग "साडेअकरा" म्हणालं.

आतली खोली लहान, पडदे ओढलेले. भिंतीवर अक्षरांचा उजळ चौकोन. ती पांढऱ्या कोटात. केस कापलेत. बहिणीच्या कपाळावर मधोमध एक उभी रेघ यायची काहीही निरखताना, तीच हिला आली आहे.

"या, मॅडम. हनुवटी इथे टेकवा."

मी टेकवली.

"वाचताना कागद किती लांब धरावा लागतो?"

"कोपर सरळ होतं."

"मग उशीर केलात यायला."

"हो गं, तेच मला..."

"बोलू नका. हनुवटी हलते."

एकेक काच खटकन बदलत होती. "आता बरं, का मघाशी?"

"दोन्ही सारखंच वाटतंय."

"सारखंच नसतं. घाई नाही, नीट बघून सांगा. पहिलं," खट्, "का दुसरं?"

"दुसरं."

"बघा, दिसतं." मग ती काहीतरी लिहीत म्हणाली, "तुमचा डावा डोळा सगळं काम करतोय. उजवा नुसता बरोबर हिंडतोय."

मला हसू आलं. तिलाही येणार होतं बहुतेक, पण तिने वळून काचा पेटीत ठेवायला घेतल्या. तिच्या पाठीला मी म्हणाले, "भिंगरी, ती फाइल वितळलेली नव्हती."

तिने हातातली काच पुसली. दोन्ही बाजूंनी पुसली, उजेडात धरून बघितली, खाचेत बसवली.

"हो," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं."

"मला वाटलं होतं. माहीत तुम्हाला असायचं."

मी काहीतरी बोलणार होते. ती दार उघडून उभी राहिली. "बाहेर एक आजोबा थांबलेत, त्यांचं मोतीबिंदूचं आहे. चष्मा गुरुवारी मिळेल. काउंटरवर चौकट निवडा. जाड नको घेऊ, तुमचा चेहरा लहान आहे."

चौकट निवडत बसले नाही, पहिली हाताला आली ती घेतली. जाड आहे.

१५ फेब्रुवारी

भिंगरीला सांगून झालं, पण तिच्या आईला सांगता येणार नाही, म्हणून तिच्या बाबांकडे गेले. मेहुण्यांचं शिलाई यंत्रं दुरुस्त करण्याचं दुकान आहे. एका खोलीत तीसेक यंत्रं, बहुतेकांची पोटं उघडी.

"ताई, बसा. त्या खुर्चीवर नको, तेल सांडलंय. इकडे." ते माझ्याशी नेहमी चांगलंच वागले, त्या पाच वर्षांतही. त्यांच्या समोर काळं यंत्र उताणं होतं. "ही बाई गेली चाळीस वर्षं एकाच घरात आहे. तिथल्या सासूने वापरली, सुनेने वापरली, आता नात म्हणते टाकून द्या. म्हटलं आधी बघतो तिचं काय दुखतंय."

मी सांगितलं. फाइल, तापवणं, अकरा प्रयत्न, सगळं. त्यांना कितपत कळलं कोण जाणे. शेवटी म्हणाले, "म्हणजे थोडक्यात?"

"थोडक्यात भिंगरी बरोबर होती आणि मी चूक."

त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"पण ती तर उलट म्हणाली होती."

"कधी?"

"गेल्या वर्षी. हिला दवाखान्यातून घरी आणलं त्यानंतर. ही एक दिवस तिला जवळ बसवून म्हणाली, खरं सांग, त्या वेळी कोण चुकलं होतं, तू का ताई? आता राग नाही, फक्त मला जाण्याआधी माहीत हवं. तर भिंगरी म्हणाली, मीच चुकले होते आई. मावशीचं बरोबर होतं, माझाच हात नीट नव्हता. मी तिथेच होतो, सूप गरम करत होतो." ते थांबले. "मग हिला इतकं मोकळं वाटलं. म्हणाली, बघा, मी उगाच पाच वर्षं ताईवर मनात धरून बसले. फोन द्या माझा. रविवार होता."

त्यांनी यंत्राचं चाक हाताने सावकाश फिरवलं. सुई वर झाली, खाली झाली.

"म्हणजे ती आईशी खोटं बोलली."

"हो."

"कशी बोलली असेल हो. हिच्या तोंडावर. हिला खोटं लगेच कळायचं, मी एकदाही पचवू शकलो नाही." ते चाक फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला कळलं असेल का, ताई?"

मी म्हणाले, नसेल कळलं. असं का म्हणाले ठाऊक नाही. मला काय माहीत.

१६ फेब्रुवारी

वही उघडली. बंद केली.

१९ फेब्रुवारी

आज खाली जाऊन तळघरांना सांगितलं. चुकीचं सगळं वर घडलं होतं, त्यांचे हात निर्दोष. ते स्टुलावर बसून ऐकत होते.

"म्हणजे विरजण लावलेलं होतं तर."

"हो. मला माहीत नव्हतं."

"दूध कुणाला माहीत असतं, बाई." मग मोजपात्रं एकात एक रचत राहिले. "दोन वर्षं मी या हातांना शिव्या दिल्या. म्हातारे झाले म्हटलं, थरथरतात, म्हणून ठिपके बसत नाहीत. डॉक्टरला दाखवून आलो."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही हात पुढे करून उजेडात बघितले, बोटं पसरून, आणि म्हणाले, "चांगले आहेत की."

वर आल्यावर लेख मागे घेण्याचं पत्र लिहायला घेतलं. सोबत दुरुस्तीचा मजकूर: नेमकं काय चुकलं, सुरुवात कशी वितळवावी, वितळली हे कसं तपासावं. पहिल्या ओळीत "आपोआप" आला. खोडला. मग लेखाच्या जुन्या शीर्षकात तो आहे, म्हणून शीर्षकापुरता परत घालावा लागला.

भिंगरीला निरोप पाठवला: दुरुस्तीवर तुझं नाव पहिलं घालते आहे, कारण शोध तुझा आहे.

२५ फेब्रुवारी

सहा दिवसांनी आज तिचा फोन आला. दुकानातून, जेवणाच्या सुट्टीत. मागे कुणीतरी चौकटींच्या किमती विचारत होतं.

"माझं नाव घालू नका."

"पण तूच तर..."

"मला नको आहे. मला तिथे परत यायचं नाही. नावानेसुद्धा नाही."

"लोकांना कळायला हवं ना, कुणी शोधलं."

"लोकांना? कोण लोक? सहा वर्षांपूर्वी ज्यांनी मला भाची म्हणून हसून घेतलं ते?" मग आवाज खाली आला. "'एका विद्यार्थिनीच्या लक्षात आलं होतं' असं लिहा. तेवढं पुरे. तेवढं खरंही आहे."

मी म्हणाले, बरं. आणि मग ते बोललेच, जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं. "तुझ्या बाबांनी मला सांगितलं. आईला तू काय म्हणालीस ते."

पलीकडे दार लागल्याचा आवाज आला, किमतींचा गलबला थांबला.

"ते तुझ्यासाठी नव्हतं," ती म्हणाली. "आईला तू हवी होतीस. मला तेव्हा बरोबर असायचं नव्हतं, मला ती बरी हवी होती. बरी होणार नव्हती, तर निदान एक काहीतरी तिच्या मनासारखं. तुझा फोन झाला की ती जेवायची. नाहीतर जेवायची नाही. बस, एवढंच होतं ते."

"भिंगरी..."

"आणि तू रडू नकोस आता, कारण मला परत आत जायचंय, आणि माझा आवाज बसला तर समोरच्याला नंबर चुकीचा देईन."

मी रडत नव्हते. म्हणजे तोपर्यंत नव्हते.

"तो मजकूर वगैरे मला पाठवू नकोस," ती शेवटी म्हणाली. "मला त्यातलं एक अक्षर वाचायचं नाही. मी किती रात्री त्यात घालवल्या हे तुला माहीत नाही आणि मला आठवायचं नाही."

फोन ठेवल्यावर मी खिडकीपाशी उभी राहिले. समोरच्या इमारतीत कुणीतरी सतरंजी झटकत होतं. अकरा रविवार एकेक करून आठवले. सातव्या रविवारी बहीण म्हणाली होती, "आज मी दोन वेळा वाढून घेतलं." मला वाटलं होतं औषध लागू पडतंय.

२७ फेब्रुवारी

चष्मा लावून पहिल्यांदा बहिणीचे जुने फोटो काढले. एकात ती भिंगरीला कडेवर घेऊन उभी आहे आणि मी शेजारी. आतापर्यंत मला वाटायचं, भिंगरी कॅमेऱ्याकडे बघतेय. ती माझ्याकडे बघतेय.

४ मार्च

मजकूर चार पानांचा झाला. मागे घेण्याचं पत्र काल गेलं. विभागातले दोघं-तिघं जिन्यात भेटले की आता हवामानाबद्दल बोलतात. तळघरांनी रुंद ठिपक्यांची नवी खेप लावली आहे, "जूनपर्यंत काहीतरी रांगेत बसवून जातो" म्हणतात, "नाहीतर मीच बसतो रांगेत."

दुरुस्ती महिनाअखेर पाठवायची आहे. पहिलं, तिसरं, चौथं पान माझं आहे. दुसरं पान भिंगरीचं आहे, नाव नसलं तरी. सुरुवात कशी वितळवायची ते तिथे आहे, तिच्या नोंदींवरून मी लिहिलंय. ते लिहिताना मी पहिल्यांदा तिचं काम नीट वाचलं. स्वच्छ काम आहे. माझ्याहून स्वच्छ. जिथे मी आलेख बघून समाधानी झाले होते, तिथे तिने एकेका गोळ्याचे शेजारी मोजले होते, चाळीस हजार गोळ्यांचे. तेव्हा मी हे बघितलं असतं तर तिला ठेवून घेतलं असतं आणि मीच निघाले असते, असं म्हणायला आज सोपं आहे. बहुधा मी तेव्हाही दाढेचंच लिहिलं असतं.

तिने पाठवू नकोस म्हटलंय. तरी सकाळपासून तिला निरोप चार वेळा लिहून चार वेळा पुसला, आणि आता जसा पाठवला तसा इथे उतरवते, म्हणजे नंतर मला माझ्या सोयीने आठवायला नको.

"भिंगरी, नाव घातलेलं नाही. 'एका विद्यार्थिनीच्या लक्षात आलं होतं', एवढंच आहे. तू वाचायचं नाही म्हणालीस ते मला ऐकू आलं आहे, आणि तरी विचारतेय, म्हणून रागावशील तर रागाव. दुसऱ्या पानावर एक जागा आहे जिथे मला खात्री नाही. अकराव्या वेळी तू तापमान एकदम वर नेलंस की टप्प्याटप्प्याने, ते तुझ्या नोंदीत नाही. मी दोन्ही तऱ्हांनी करून बघू शकते, दहा दिवस लागतील, मला वेळ आहे. पण मला ते करून बघायचं नाही, तुला विचारायचं आहे. तू तेव्हा विचारायला आलीस ती सकाळ मला आठवत नाही, कितीही प्रयत्न केला तरी, आणि खोटं आठवल्यासारखं मी करणार नाही. मजकूर सोबत जोडत नाही. तुझ्या दुकानात त्याचं पाकीट ठेवून आले आहे, काउंटरच्या मुलीकडे, त्यावर काही लिहिलेलं नाही. नको असेल तर तिला परत द्यायला सांग, मी गुरुवारी येऊन घेऊन जाईन, आत येणार नाही. पण त्याआधी एकदा, फक्त दुसरं पान, तू तपासून देशील का? चुकलं असेल तिथे खूण कर."